‘सापडला नाही’ म्हणायला काय जातं?

प्रति,
व्हिडिओ-संकलनाचे प्रोग्राम बनवणारे अभियंते आणि त्यांनी काय बनवायचं ते ठरवणारे साहेब, यांस



मी ध्वनिसंकलक आहे. पुण्यात बसून माहितीपटांचे, कधीमधी चित्रपटांचे आवाज लावते आणि पोटापाण्यासाठी जाहिराती करते. माझ्याकडे काम येतं तेव्हा चित्र कापून झालेलं असतं आणि ‘पिक्चर लॉक’ झालं अशी शपथ सगळ्यांनी घेतलेली असते. (ती कुणी पाळत नाही, पण तो वेगळ्या पत्राचा विषय.) संकलक एका प्रोग्रामात कापतो, रंगांचं काम दुसऱ्यात होतं, माझं तिसऱ्यात. एकाच चित्रपटाला अशी तीन घरं फिरावी लागतात आणि प्रत्येक उंबरठ्यावर काही ना काही सांडतं. सांडतो तो बहुतेकदा आवाजच.

माझ्यावर जे बेतलं त्यासाठी तुमच्यापैकी कुणा एकाचं नाव घेत नाही. एकाचं घेतलं तर बाकीचे हुश्श करतील, आणि गेल्या पंधरा-सोळा वर्षांत तुमच्यापैकी बहुतेकांच्या दारात मी रात्री जागवल्या आहेत.

घडलं ते आधी सांगते. सिंधुदुर्गातल्या एका दशावतारी मंडळावर माहितीपट होता. दशावतार तुम्ही पाहिला नसेल, म्हणून थोडक्यात: जत्रेच्या रात्री देवळापुढे तो उशिरा सुरू होतो, आधी आडदशावतार, मग आख्यान, आणि संपेपर्यंत उजाडतं. साथीला पेटी, मृदंग, झांज. आणि संवाद कागदावर नसतात. कथा ठरलेली, कोण कुणानंतर येणार ते ठरलेलं. बोलायचं काय, ते नटाला समोरची माणसं बघून सुचतं. त्या रात्रीचं वाक्य त्या रात्रीचंच. पुढे स्टुडिओत बोलावून डबिंग करून घेऊ म्हटलं तर तो नटसुद्धा ते पुन्हा बोलू शकत नाही.

आम्ही एकच आख्यान लागोपाठ दोन रात्री दोन गावांत चित्रित केलं. आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर घेतला, आठ ट्रॅक, ४८,००० हर्ट्‌झ, २४ बिट. या हिशेबाने सेकंदाला ११ लाख ५२ हजार बाइट साठतात, आणि साध्या वेव्ह फाइलची मर्यादा ४ जीबी. त्यामुळे रेकॉर्डर दर तासाभराने आपणहून नवी फाइल उघडतो. एका रात्रीच्या सहा-सात फायली झाल्या. पहिल्या रात्रीनंतर आमच्या रेकॉर्डिस्टने कार्ड रिकामं करून पुन्हा लावलं आणि क्रमांक परत एकपासून सुरू झाले. चूक आमची, कबूल. दोन फोल्डर, आणि दोन्हींत तंतोतंत त्याच नावांच्या फायली.

संकलकाचं दोन महिने काही बिघडलं नाही, कारण त्याच्या डिस्कवर फोल्डर आपापल्या जागी होते. मग त्याने प्रोजेक्ट बाहेर काढून माझ्याकडे धाडला. मी उघडला तर शंभरेक क्लिप लाल, ‘मीडिया ऑफलाइन’. या लाल रंगाची मला भीती वाटत नाही, रोजचाच तो. डिस्क दाखवली, म्हटलं शोध. दोन मिनिटांत सगळा लाल रंग गेला आणि मी चहा टाकायला उठले.

जिथे ओठ दिसत होते तिथलं बिंग त्याच संध्याकाळी फुटलं. राजा तोंड मिटून उभा आणि आवाज गर्जतोय. त्या क्लिप मी एकेक करून हाताने जागेवर आणल्या. पण माहितीपटात पावणेदोन मिनिटांचा एक तुकडा असा होता, की त्यात रंगमंच दिसतच नाही. नुसते प्रेक्षकांचे चेहरे. कांबळ्यात गुरफटलेलं पोर, भजी तळणारी बाई, पायरीवर पेंगणारे म्हातारे, मध्येच एकदम हसणारी एक रांग. पुढे जत्रेचा गलका आणि मागून येणारा संवाद. तिथे पहिल्या रात्रीच्या चित्रावर दुसऱ्या रात्रीचा आवाज बसला, आणि बसूनच राहिला. मला कळलं नाही, दिग्दर्शकाला कळलं नाही, मुंबईला मिक्स करणाऱ्यालाही कळलं नाही.

कळलं ते राक्षस करणाऱ्या नटाला. गावातल्या शाळेच्या वर्गात पडदा बांधून आम्ही माहितीपट दाखवत होतो. तो तुकडा आला आणि तो बाकावरून उठून म्हणाला, “ह्यां मी हंयसर बोलाक नाय. ह्यां दुसऱ्या रातीचां.” मग त्याने समजावून सांगितलं. दुसऱ्या गावचा साकव त्या पावसात वाहून गेला होता, म्हणून त्या रात्री राक्षसाने प्रवेश करताच ‘तुमचा साकव मीच मोडला’ असा दम भरला होता. पहिल्या गावाला साकवच नाही. पडद्यावर मात्र त्या गावची माणसं दुसऱ्या गावच्या साकवावर पोट धरून हसत होती. वर्गात हशा पिकला. मी मागच्या बाकावर बसून पायांकडे बघत होते.

म्हणून लाल पडद्याबद्दल माझी तक्रार नाही. तो खरं बोलतो: आवाज सापडला नाही. तक्रार आहे ती लाल रंग जाण्याच्या त्या दोन मिनिटांबद्दल. जत्रेत पोर हरवलं की लाउडस्पीकरवरून सदऱ्याचा रंग सांगतात, वय सांगतात, आईबापाचं नाव विचारतात. ‘गणेश’ नावाचं जे पहिलं पोर हाती लागेल ते आईच्या कडेवर देऊन ‘झालं’ म्हणत नाहीत. तुम्ही तेच केलंत, आणि शेवटी एक छोटी खिडकी उघडून सांगितलंत की सर्व फायली यशस्वीरीत्या जोडल्या.

खरं तर ओळख पटवायला जे लागतं ते सगळं फाइलच्या पोटातच असतं. युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियनने १९९७ साली ब्रॉडकास्ट वेव्ह नावाची रीत घालून दिली. साध्या वेव्ह फाइलला एक जास्तीचा कप्पा: कुणी ध्वनिमुद्रण केलं, कोणत्या तारखेला, किती वाजता, आणि त्या दिवशीच्या मध्यरात्रीपासून किती नमुने (सॅम्पल) मोजल्यावर ही फाइल सुरू झाली. त्याच्या जोडीला आयएक्सएमएलचा कप्पा, त्यात दृश्य, टेक आणि प्रत्येक ट्रॅकचं नाव: पेटी, राजा लेपल, बूम. आमच्या रेकॉर्डरने हे दोन्ही कप्पे इमानेइतबारे भरले होते. सारख्या नावाच्या त्या फायलींमध्ये दोन वेगळ्या तारखा होत्या. पण जुळवणाऱ्या प्रोग्रामाने दारावरची पाटी वाचली आणि आत डोकावलंच नाही.

हे असं का झालं, तेही मला ठाऊक आहे. सीबीएस आणि मेमोरेक्स यांनी मिळून १९७१ साली सीएमएक्स ही कंपनी काढली. तिच्या यंत्रांची कटांची यादी, म्हणजे ईडीएल, आजही तुमच्या मेनूत असते. त्या यादीत रिळाचं नाव, कुठून, कुठपर्यंत, एवढंच. नाव आठ अक्षरांत बसवायचं. त्या काळी ते पुरे होतं, कारण नाव डब्यावर लिहिलेलं असायचं आणि डबा कपाटातून माणूस काढायचा. चुकीची फीत निघाली तर तो स्वतःशीच दोन शिव्या घालून परत ठेवायचा. मग ओएमएफ आलं. त्यात आवाज बरोबर नेता यायचा, पण २ जीबीच्या वर नाही. मग एएएफ, मग एक्सएमएल. २०११ साली फायनल कट प्रो एक्स आला तेव्हा पहिल्या आवृत्तीत यातलं काहीच बाहेर काढायची सोय नव्हती; एक्सएमएल काही महिन्यांनी आलं, तेही जुन्या फायनल कटच्या एक्सएमएलहून वेगळं. तेव्हापासून ‘एक्सएमएल पाठव’ म्हटलं की ‘कोणतं?’ हा प्रश्न आलाच.

या सगळ्यात मला एक गोष्ट दिसते, ती बोलून दाखवते. तुमच्याकडे यायचं असेल तर पायघड्या, जायचं असेल तर मोरीचं दार. दुसऱ्याचा प्रोजेक्ट वाचायचं काम तुम्ही दर आवृत्तीत सुधारता. आपला प्रोजेक्ट दुसऱ्याला वाचता येईल असा लिहायचं काम जिथे होतं तिथेच पडून राहतं. पिक्सारने ओपनटाइमलाइनआयओ काढून ते सगळ्यांसाठी खुलं केलं, त्याचं मनापासून कौतुक आहे. पण तेही मुळात टाइमलाइनचं वर्णन नेतं, आवाज नेत नाही. ‘हा आवाज अमुक फाइलमधला’ एवढी चिठ्ठी त्यात असते. चिठ्ठीवर पत्ता काय लिहायचा हे पुन्हा तुमच्याच हातात.

आणि पत्ता काय असतो? डिस्कचं नाव, फोल्डर, फोल्डरातला फोल्डर, फाइल. विंडोजवर डिस्कला अक्षर, इकडे ‘ई’ तर तिकडे ‘एफ’. मॅकवर डिस्कचं नाव, आणि आमच्याकडे निम्म्या डिस्कांचं नाव ‘अनटायटल्ड’. नाव आणि विस्ताराबरोबर सुरुवातीचा टाइमकोडही जुळवायचा का, अशी चौकट तुमच्यापैकी काहींनी दिली आहे. चांगलं केलंत. प्रो टूल्स प्रत्येक आवाजाला ओळख-क्रमांक देतो आणि नावावरून शोधू की क्रमांकावरून, हे विचारतो. म्हणजे जमतं.

टाइमकोडवर विसंबायचं तर त्यातही एक गोम आहे, आणि दशावतारासारख्या रात्रभराच्या कामात ती हमखास नडते. वर म्हटलं तसं, फाइलच्या पोटात टाइमकोड तास-मिनिटांत नसतो, मध्यरात्रीपासूनच्या नमुन्यांची मोजणी असते. ४८,००० च्या हिशेबात एक दिवस म्हणजे ४१४ कोटी ७२ लाख नमुने. बारा वाजले की मोजणी पुन्हा शून्यावर. त्यामुळे टाइमकोडने फायली लावल्या तर आधी पहाट होते, देव राक्षसाला मारतो, आणि शेवटी आडदशावतारातला संकासुर नाचत येतो. तारखेचा कप्पा वाचला तर हे लगेच सुटतं, पण क्रम लावताना तो वाचायचं कुणाला सुचत नाही.

त्या मोजणीची तास-मिनिटं प्रत्येक प्रोग्राम आपापल्या टाइमलाइनच्या वेगाने करतो. आमचं काम २५ फ्रेमचं. एका परदेशी महोत्सवासाठी कुणीतरी २३.९७६ ची टाइमलाइन उघडली आणि मूळ फायली त्यात ओढल्या. २३.९७६ चा टाइमकोड घड्याळापेक्षा हळू चालतो, तासाला ३.६ सेकंदांनी. पण चूक फाइलच्या लांबीवर ठरत नाही, ती दिवसाच्या वेळेवर ठरते! मध्यरात्रीनंतर एक वाजता सुरू झालेली फाइल साडेतीन सेकंद मागे दिसते, रात्री दहा वाजता सुरू झालेली ७९ सेकंद मागे. ही फाइल इतकी मागे, ती तितकी, आणि कशाचा कशाला मेळ नाही. मी वहीत प्रत्येक फाइलची चूक लिहून काढली, शेजारी तिची सुरुवातीची वेळ लिहिली, तेव्हा कुठे उलगडा झाला. तुमच्या प्रोग्रामाला हा भागाकार माझ्यापेक्षा लवकर करता आला असता. ‘ही फाइल टाइमलाइनपेक्षा वेगळ्या वेगाच्या घड्याळावर मोजली आहे’ एवढं एक वाक्य पडद्यावर आलं असतं तरी पुरे होतं.

फ्रेमच्या आतलं तर विचारूच नका. २५ च्या हिशेबात एका फ्रेममध्ये १,९२० नमुने बसतात. मी लेपल आणि बूम माइकचे आवाज एकमेकांवर नमुन्याच्या मापाने बसवते; देवाणघेवाणीची यादी फ्रेमच्या मापाने लिहिली की ते एकमेकांपासून वीस-वीस मिलिसेकंद सरकतात आणि राजा विहिरीतून बोलल्यासारखा बोलतो.

आता ज्या गोष्टीसाठी हे पत्र मराठीत लिहायचं ठरवलं ती सांगते.

आमच्या मदतनीस मुलाने रिकाम्या वेळात घेतलेल्या वातावरणाच्या आवाजांना मराठीत नावं दिली. मला ते फार आवडलं. ‘विहिरीचा रहाट’, ‘पेटी एकटी’, ‘पहाटेची गाज’. अशा चौदा फायली. नावं त्याने त्याच्या विंडोजच्या लॅपटॉपवर टाइप केली. एक प्रत माझ्या जुन्या मॅकच्या डिस्कवर आली, एक थेट मुंबईच्या स्टुडिओत गेली. प्रोजेक्ट मात्र माझ्या मॅकवरून गेला. मुंबईहून फोन आला: अकरा जुळल्या, तीन जुळत नाहीत. फायली तिथेच आहेत, नावं डोळ्यांना दिसताहेत, प्रोग्राम म्हणतो नाहीत. त्या तीन अशा: ‘वाऱ्याचा आवाज’, ‘किनाऱ्यावरची होडी’, ‘दुसऱ्या रात्रीची झांज’.

मराठी वाचणाऱ्याला कदाचित दिसलंही असेल. मला अर्धा दिवस लागला. तिन्हींत ‘ऱ्य’ आहे, बाकीच्या अकरांत नाही. युनिकोडमध्ये हा ‘ऱ’ दोन प्रकारे लिहिता येतो: एक तर त्याचा स्वतःचा एकच संकेत, नाही तर साधा ‘र’ आणि त्याच्या खाली नुक्ता असे दोन संकेत. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. विंडोज टाइप केलं तसं ठेवतं. मॅकची जुनी एचएफएस प्लस डिस्क अशा अक्षराची फोड करून ठेवते. माझ्या प्रोजेक्टमध्ये फोड केलेलं नाव गेलं, तिकडच्या डिस्कवर अख्खं नाव होतं. प्रोग्रामाने बाइटला बाइट लावून पाहिला आणि वेगळं म्हणून सोडून दिलं. दोन्ही रूपं एकच मानावीत हा नियम युनिकोडनेच घालून दिला आहे, आणि दोन्ही नावं आधी एका रूपात आणून मग ताडायला फार तर दोन ओळींचा कोड लागतो.

‘नावं इंग्रजीत द्या’ असा सल्ला मला त्या दिवशी तिघांनी दिला. तो मी मानते, कारण काम अडून चालत नाही. तरी मला सांगा, वारा, किनारा, दुसरा, म्हातारा, नवरा, चेहरा या शब्दांना नुसती विभक्ती लावली की ज्या भाषेत हे अक्षर येतं, त्या भाषेच्या माणसाने फाइलचं नाव देताना व्याकरण टाळायचं की काय? ‘वारा आवाज’ लिहायचं?

आमच्या बाजूने आम्ही जे करायचं ते करतो, उगाच हात झटकत नाही. त्या साकवानंतर आमच्याकडे कार्ड रिकामं करण्याआधी प्रत्येक फाइलच्या नावापुढे तारीख आणि गाव लागतं, आणि एकदा चित्राशी जोडल्यावर नावाला कुणी हात लावत नाही. सुरुवातीला एका फ्रेमची ‘पी’ वाजते आणि बरोबर टाइमकोड छापलेला व्हिडिओ जातो, म्हणजे सरकलं तर डोळ्यांना दिसावं. संकलकाला मी हात जोडून सांगते की चित्र-आवाज एकत्र बांधलेल्या क्लिप आणि टाइमलाइनच्या पोटातल्या टाइमलाइन आधी सोडव, मग एएएफ काढ. आवाज आतच घाल आणि कटाच्या दोन्ही बाजूंना थोडी शेपटी ठेव. शेपट्या ठेवल्या म्हणून कितीदा वाचले आहे ते माझं मलाच माहीत. हे सगळं मी एका कागदावर लिहून भिंतीला चिकटवलं आहे. तुमच्या मदतपुस्तिकेत तो कागद असायला हवा होता. तो माझ्या भिंतीवर आहे.

तुमच्याकडून मागणं फार नाही. प्रोजेक्ट बाहेर काढताना पत्त्याबरोबर ओळखही लिहा: तारीख, मध्यरात्रीपासूनची मोजणी, एकूण लांबी, रेकॉर्डरचं नाव. हे सगळं फाइलमध्ये आहे, नुसतं उतरवून घ्यायचं आहे. आत घेताना पत्ता चुकला तर ओळखीवरून शोधा. नाव जुळतंय आणि तारीख जुळत नाही, असं झालं तर जोडू नका. जोडायचंच असेल तर त्या क्लिपला पिवळा रंग द्या, म्हणजे चहा टाकायला उठण्याआधी मी ती ऐकून बघेन. आणि जे सापडलं नाही त्याच्यापुढे लिहा की काय शोधत होतो, कुठे शोधलं, जवळपास काय सापडलं आणि ते का नाकारलं. आज मला ‘३ फायली सापडल्या नाहीत’ असा आकडा मिळतो. हरवलेल्याची तक्रार लिहून घेणारा जत्रेतला होमगार्डसुद्धा याहून जास्त ओळी लिहितो.

तो माहितीपट मी पुन्हा मिक्स करून घेतला, पदरचे पैसे घालून. पहिल्या रात्रीचा खरा आवाज त्या पावणेदोन मिनिटांवर बसवला, तेव्हा कळलं की ती रांग कशावर हसत होती. राक्षसाने गावच्या पाटलाच्या नव्या मोटारसायकलीची टर उडवली होती, आणि पाटील स्वतः दुसऱ्या रांगेत बसला होता. चित्रात तो दिसतो. सगळ्यांच्या नंतर, नाइलाजाने हसतो.



आपली,
एक ध्वनिसंकलक, पुणे

सोबत: ‘वाऱ्याचा आवाज’ ही फाइल, दोन वेगळ्या फोल्डरांत, दोनदा. नावं सारखीच दिसतील.